ट्यूब ॲम्पला प्रीॲम्प हवा का? आधी व्होल्ट मोजा, मग पाकीट उघडा

घरी ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर, आला की आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच, "प्रीॲम्प कोणता लावलाय?" विचारणाऱ्याचा सूर असा, की लावला नसेल तर आपण आमटीत मीठ घालायला विसरलो असं वाटावं. त्याच धास्तीने मीही एकदा प्रीॲम्प, म्हणजे ॲम्पच्या आधी लावायचा वेगळा डबा, घेतला होता. माझा ॲम्प छोटा, दर चॅनेलला दोन ईएल८४ ट्यूब, १२ वॅटचा, पुढे स्वतःचा व्हॉल्यूम नॉब. विकणाऱ्याने सांगितलं, "साहेब, प्रीॲम्पशिवाय ट्यूब खुलत नाही." आणला, जोडला. घड्याळाच्या काट्यासारखं पाहिलं तर नॉब साडेसातच्या काट्यावर बंद आणि आठच्या काट्यावर शेजारचे काका दार वाजवतील इतका आवाज. मधलं काही नाहीच. रात्री हळू ऐकायला गेलो तर डावा स्पीकर गातोय आणि उजवा जवळजवळ गप्प. गाणं थांबलं की बारीक 'सूं' ऐकू यायचं, ते आधी नव्हतं.

प्रीॲम्प वाईट नव्हता. माझ्या ॲम्पला त्याची गरज नव्हती, एवढंच. ते कळायला एक बरा मल्टिमीटर आणि अर्धा तास पुरला असता. तो अर्धा तास कसा घालवायचा, ते पुढे सांगतो.

गोंधळ जुना आहे

१९५०-६०च्या दशकात घरगुती हाय-फाय म्हणजे दोन डबे असायचे. एक जड, ट्रान्सफॉर्मर आणि मोठ्या ट्यूबांचा, तो कपाटात किंवा सोफ्यामागे. दुसरा हलका, देखणा, नॉबवाला, तो दर्शनी. जड तो पॉवर ॲम्प, हलका तो प्रीॲम्प. इंग्लंडचा १९५३चा क्वाड टू घ्या किंवा अमेरिकेचा १९५९चा डायनाको स्टिरिओ ७० घ्या, दोन्हींवर व्हॉल्यूमचा नॉबच नाही. ती सोय सोबतच्या प्रीॲम्पवर. घरातला मुख्य सोर्स रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्याच्या पिकअपमधून (सुई बसवलेल्या भागातून) निघायचे जेमतेम काही मिलिव्होल्ट. पॉवर ॲम्पला मात्र पूर्ण जोर लावायला एक-दीड व्होल्ट हवा: स्टिरिओ ७०ला ३५ वॅटसाठी १.३ व्होल्ट, क्वाड टूला १५ वॅटसाठी १.४ व्होल्ट. मिलिव्होल्टचे व्होल्ट करून द्यायला मधे कुणीतरी लागायचंच.

१९८२मध्ये सीडी आली आणि हिशेबच बदलला. सीडी प्लेअरच्या मागच्या पिनेवर पूर्ण पातळीला २ व्होल्ट मिळू लागले. आजचे बहुतेक डॅकही (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारे डबे) तेवढेच देतात, बॅलन्स्ड आउटपुट असेल तर साधारण ४. म्हणजे मधल्याने करायचं काम सोर्सनेच उरकून दिलं. सल्ला मात्र जुन्या काळातलाच फिरत राहिला.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. प्रीॲम्पची कामं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचा विचार वेगळा करायचा: सोर्स निवडणं, आवाज कमीजास्त करणं, व्होल्ट वाढवणं. रेकॉर्ड प्लेअरसाठीचा फोनो प्रीॲम्प हे चौथं काम, आणि तो वेगळाच प्राणी आहे. "प्रीॲम्प हवा का" असं मोघम विचारलं की उत्तरही मोघम मिळतं. यातलं नेमकं कुठलं काम तुमच्याकडे अडलंय, ते शोधायचं.

ॲम्प फिरवून बघा

आधी ॲम्प बंद करा, थंड होऊ द्या आणि मागची-पुढची बाजू नीट पाहा. पुढे व्हॉल्यूमचा नॉब, सोर्स निवडायचा खटका आणि मागे आरसीएच्या (लाल-पांढऱ्या गोल सॉकेटच्या) दोन-तीन जोड्या असतील तर तो इंटिग्रेटेड ॲम्प आहे. त्याच्या पोटातच प्रीॲम्पचं काम झालेलं असतं. आजकाल बाजारात घरगुती वापरासाठी मिळणारे छोटे ट्यूब ॲम्प बहुतेक याच जातीचे. यांच्यापुढे आणखी प्रीॲम्प लावणं म्हणजे बहुतेक वेळा माझी चूक पुन्हा करणं.

नॉब नाही, एकच इनपुट, दोन्ही बाजूंना फक्त स्पीकरचे टर्मिनल असतील तर तो पॉवर ॲम्प. इथे आवाज कमी करायची काहीतरी सोय बाहेरून लागणारच. पण ती सोय म्हणजे प्रीॲम्पच, असं मात्र नाही.

तिसरा प्रकार फसवा: एकच इनपुट, एकच नॉब. आतमध्ये इनपुटवर एक पॉट (आवाज कमीजास्त करणारा फिरता रेझिस्टर) बसवलेला, बाकी सगळा पॉवर ॲम्पच. हा मला घरासाठी सगळ्यात आवडतो, कारण यात निरुपयोगी काही नसतं.

जुना क्वाड टू कुणाकडून वारशाने मिळाला असेल तर सावध. त्याच्या ज्या सॉकेटमधून सिग्नल आत जातो, त्यातूनच प्रीॲम्पला लागणारा तीनशे व्होल्टच्या वरचा दाब बाहेर येतो. तिथे स्वतः आरसीएची वायर खुपसायला जाऊ नका. ट्यूबचं काम जाणणाऱ्या कारागिराकडून इनपुट बदलून घ्या. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या मागच्या पिकअप सॉकेटला फोन जोडायची हौस तर बऱ्याच जणांना येते. त्यातले काही रेडिओ एसी-डीसी दोन्हींवर चालणारे असत आणि त्यांची चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, थेट मेनला जोडलेली असते. फोनची वायर तिथे लावणं म्हणजे २३० व्होल्ट हातात धरणं.

ॲम्पला लागतात किती, सोर्स देतो किती

ॲम्पच्या माहितीपत्रकात इनपुट सेन्सिटिव्हिटी शोधा. 'इतक्या व्होल्टला पूर्ण इतके वॅट' असं लिहिलेलं असतं. मग सोर्सचा आकडा त्याच्या शेजारी ठेवा. डॅक किंवा सीडी प्लेअर २ व्होल्ट. फोनचा हेडफोन जॅक किंवा डोंगल अर्धा ते एक व्होल्ट. जुना एफएम ट्यूनर किंवा कॅसेट डेक त्याच्याच आसपास किंवा थोडा खाली. मूव्हिंग मॅग्नेट पिकअप ३ ते ५ मिलिव्होल्ट, मूव्हिंग कॉइल त्याच्याही दहावा हिस्सा.

सोर्सचा आकडा ॲम्पच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर व्होल्ट वाढवायला प्रीॲम्प नको, एवढा हा सरळ हिशेब आहे. पण गावठी असेंबल केलेल्या किंवा ऑनलाइन मागवलेल्या ॲम्पसोबत धड कागद येतच नाही. आला तरी 'सेन्सिटिव्हिटी' या शब्दापुढे काहीही छापलेलं असतं. तिथे स्वतः मोजावं.

मोजणी

लागतं काय? एक मल्टिमीटर, एक फोन, एक वायर. मल्टिमीटरबद्दल आधीच सांगतो: पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सगळ्यात स्वस्तात मिळणारा तो पिवळा मीटर इथे कामाचा नाही. त्याची एसीची सर्वात लहान रेंज २०० व्होल्टची असते, म्हणजे तो ०.१ व्होल्टच्या खालचं काही दाखवतच नाही. एसीमध्ये २ व्होल्टची किंवा मिलिव्होल्टची रेंज असलेला, शक्यतो आपोआप रेंज बदलणारा मीटर घ्या किंवा कुणाकडून मागून आणा.

फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही ॲप घ्या आणि २०० हर्ट्झचा साइन सूर लावा. ५० किंवा १०० हर्ट्झ घेऊ नका, कारण आपल्याकडच्या विजेची गुणगुण नेमकी त्याच जागी असते आणि आपण मोजतोय काय ते कळत नाही. फार वरचा सूरही नको. साधे मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे विश्वासाचे राहत नाहीत.

आधी फोनची वायर ॲम्पला न लावता तिच्या टोकाला मीटर धरा. आरसीएची मधली पिन आणि बाहेरची कडी, या दोन जागा. फोनचा आवाज वरखाली करत ०.१ व्होल्टवर आणा. मग फोनला हात न लावता ती वायर ॲम्पला जोडा. स्पीकर जोडलेलेच हवेत. ट्यूब ॲम्प स्पीकरशिवाय कधीही चालवायचा नाही, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. हे वाक्य कंटाळा येईपर्यंत सांगितलं तरी कमीच आहे.

ॲम्पचा नॉब शून्यावर ठेवून सुरू करा, दोन-तीन मिनिटं तापू द्या, मग नॉब हळूहळू शेवटपर्यंत न्या. खोलीत 'ऊंऽऽ' असा सूर भरेल, घरच्यांना आधी सांगून ठेवा. आता स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर धरा. चासी उघडायची नाही. आत ३०० ते ४५० व्होल्ट असतात आणि ॲम्प बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ टिकतात. आपलं सगळं काम बाहेरच्या टर्मिनलवर होतं.

माझ्या ईएल८४च्या ॲम्पवर मीटरने २.४ व्होल्ट दाखवले. आत ०.१, बाहेर २.४, म्हणजे २४ पट; या पटीलाच गेन म्हणतात. आता पूर्ण १२ वॅटला ८ ओहमच्या स्पीकरवर किती व्होल्ट लागतात? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. १२ गुणिले ८ म्हणजे ९६, वर्गमूळ सुमारे ९.८ व्होल्ट. ९.८ भागिले २४, आलं ०.४१ व्होल्ट. माझ्या ॲम्पला पूर्ण ताकदीसाठी अर्धा व्होल्टही नको. डॅक देतो २. वर मी लावला होता दहापट वाढवणारा प्रीॲम्प, म्हणजे प्रीॲम्पच्या तोंडाशी ०.०४१ व्होल्ट पुरले असते आणि मी देत होतो जवळजवळ पन्नासपट. साडेसात आणि आठच्या काट्यांमधली ती चिंचोळी पट्टी कुठून आली, ते या एका आकड्यात आहे. डाव्या-उजव्याचा फरकही तिथलाच: दुहेरी पॉटचे दोन भाग सुरुवातीच्या टोकाला क्वचितच सारखे चालतात.

हाच हिशेब स्टिरिओ ७०साठी: ३५ गुणिले ८ म्हणजे २८०, वर्गमूळ १६.७ व्होल्ट. भागिले १.३, गेन सुमारे १३ पट. डॅकला इथेही जागा उरते, फोनला जरा कमी पडते. पण खरंच कमी पडते का? ते पुढे.

३५ वॅट वापरतं कोण?

सेन्सिटिव्हिटीचा आकडा पूर्ण ताकदीचा असतो आणि घरात पूर्ण ताकद कुणी वापरत नाही. समजा स्पीकर ८८ डेसिबेलचे आहेत, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८८. तुम्ही अडीच मीटरवर बसता. अंतराने थोडं घटतं, दुसरा स्पीकर थोडं परत देतो, खोलीच्या भिंती काही भर घालतात. ढोबळमानाने १ वॅटला खुर्चीत ८५ डेसिबेलच्या आसपास पडतात. दहा बाय बाराच्या खोलीत हा चांगलाच खणखणीत आवाज झाला. रोजचं ऐकणं ७५च्या आसपास असतं, त्याला वॅटचा दहावा हिस्सा पुरतो. तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्राचा जोर सरासरीच्या १० ते २० डेसिबेल वर जातो, म्हणजे १ ते १० वॅट.

१ वॅट म्हणजे ८ ओहमवर २.८३ व्होल्ट. १३ पट गेनच्या ॲम्पला त्यासाठी ०.२२ व्होल्ट. फोनचा अर्धा व्होल्ट तेवढं आरामात देतो. म्हणजे कागदावर कमी पडणारा फोनही घरात पुरतो, निदान बहुतेक वेळा.

'बहुतेक' म्हणायचं कारण आपलं संगीत. आजचं चित्रपटगीत पहिल्या क्षणापासून छतापर्यंत भरून ध्वनिमुद्रित केलेलं असतं. मैफलीत ध्वनिमुद्रित केलेला विलंबित ख्याल तसा नसतो. तंबोरे जुळतात, कुणीतरी खाकरतं, पहिला षड्ज इतका हलका लागतो की नॉबकडे हात जातोच. म्हणून परीक्षा त्या रेकॉर्डवर घ्यायची.

दहा दिवस प्रीॲम्पशिवाय

आकडे झाले, आता कान. तुमच्याकडची सगळ्यात हळू आवाजाची चार ध्वनिमुद्रणं काढा आणि दहा दिवस सोर्स थेट ॲम्पला लावून ऐका. नॉबजवळ कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि प्रत्येक वेळी काटा कुठे थांबला ते लिहून ठेवा. मी पेन्सिलीने सरळ पॅनेलवरच्या टेपवर खुणा केल्या होत्या.

नॉब दहा ते दोनच्या काट्यांमध्ये फिरत असेल तर तुमची साखळी नेमकी जुळली आहे, काही घेऊ नका. आठ-नऊच्या पुढे जातच नसेल तर गेन आधीच जास्त आहे. तुम्हाला प्रीॲम्प नाही, उलट ॲटेन्युएटर हवा: आरसीएमध्येच बसणारा छोटा तुकडा, १० डेसिबेलचा घेतला तर सिग्नल साधारण एक तृतीयांश होतो आणि नॉबला श्वास घ्यायला जागा मिळते. नॉब शेवटाला टेकूनही विलंबितातली सुरावट नीट कानावर येत नसेल, तर आणि तरच व्होल्ट वाढवायचा विषय.

नॉब नसलेल्या पॉवर ॲम्पला ही परीक्षा डॅकच्याच व्हॉल्यूमवर घेता येते. २४ बिटच्या डॅकवर डिजिटल व्हॉल्यूम २०-३० डेसिबेल खाली आणला तरी कानाला जाणवेल असं काही बिघडत नाही. यावरून वाद घालणारे भरपूर आहेत, मी घालत नाही. मला वेगळीच भीती वाटते. आमच्या एका मित्राकडे स्टिरिओ ७० आहे, न्यू जर्सीच्या भावाने आणलेला, १२० व्होल्टचा, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. डॅक थेट लावलेला. एकदा वीज गेली, आली, डॅक स्वतःहून पुन्हा सुरू झाला तो पूर्ण आवाजावर. गाणं तिथूनच पुढे सुरू झालं. स्पीकर वाचले, पण आजींच्या हातातला चहाचा कप वाचला नाही. डॅकचा आवाज सुरू होताना किती असतो ते सेटिंगमध्ये बघून ठेवा, नाहीतर मधे साधा पॉट असलेला डबा ठेवा.

तो साधा डबा, म्हणजे पॅसिव्ह प्रीॲम्प

वीज नको, ट्यूब नको, एक पॉट आणि एक खटका. व्होल्ट वाढवत नाही, फक्त कमी करतो आणि सोर्स निवडू देतो. २ व्होल्टचा डॅक आणि एक-दीड व्होल्टचा पॉवर ॲम्प या जोडीला बहुतेकदा हाच पुरतो.

यात एकच मेख आहे, पॉट किती किलोओहमचा घ्यायचा आणि वायर किती लांब ठेवायची. १०० किलोओहमचा पॉट मधोमध असताना पुढच्या वायरला तो २५ किलोओहमचा सोर्स वाटतो. तीन मीटरची वायर धरली, तिची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड, तर तिचे ३००, आणि ॲम्पमधल्या पहिल्या छोट्या ईसीसी८३ ट्यूबचे स्वतःचे सव्वाशे-दीडशे. मिळून ४५० पिकोफॅरड. हिशेब केला तर १४ हजार हर्ट्झच्या आसपासच तार सप्तकाच्या वरची झळाळी उतरायला लागते. झांजा मऊ पडतात आणि लोक म्हणतात, "ट्यूबचा गोडवा!" तोच पॉट १० किलोओहमचा घेतला तर ही मर्यादा दहापट वर, १ लाख ४० हजार हर्ट्झला जाते, म्हणजे काळजीच मिटली. म्हणून पॅसिव्ह डब्याला १० किलोओहमचा पॉट, वायर एक मीटरच्या आत. ॲम्पच्या पोटातला पॉट मात्र ५० किंवा १०० किलोओहमचा असला तरी चालतो, कारण तिथून ट्यूबपर्यंत जेमतेम वीतभर वायर असते.

अट एवढीच की सोर्सला १० किलोओहमचा भार ओढता आला पाहिजे. डॅकला, सीडी प्लेअरला सहज येतो. ट्यूबचा आउटपुट असलेल्या जुन्या ट्यूनरला किंवा ट्यूब फोनो प्रीॲम्पला कदाचित नाही. त्यांच्या आउटपुटला बसवलेला कपॅसिटर ०.४७ मायक्रोफॅरडचा असेल तर १० किलोओहमपुढे ३४ हर्ट्झच्या खालचा खर्ज उतरतो. १०० किलोओहमपुढे तोच साडेतीन हर्ट्झवर जातो.

रेकॉर्ड प्लेअर असेल तर

इथे उत्तर बदलतं. मूव्हिंग मॅग्नेट पिकअपचे ५ मिलिव्होल्ट थेट पॉवर ॲम्पला लावले तर डास गुणगुणल्यासारखं ऐकू येईल, आणि तेही खर्ज नसलेलं. रेकॉर्ड कापतानाच खर्ज कमी आणि तार जास्त करून कापतात. १९५४पासून रूढ झालेल्या आरआयएए वळणानुसार ऐकताना ते उलट करावं लागतं: २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबेल वर, २० हजारला तेवढंच खाली. हे काम फोनो प्रीॲम्पच करतो, डॅक-सीडीसारख्या सोर्ससाठीचा साधा लाइन प्रीॲम्प नाही. "प्रीॲम्प आहे ना घरी" म्हणून लाइन प्रीॲम्पलाच टर्नटेबल लावणारे मी पाहिलेत.

मूव्हिंग मॅग्नेटला ४० डेसिबेल, म्हणजे शंभरपट गेन लागतो. ५ मिलिव्होल्टचे अर्धा व्होल्ट होतात, मोठ्या आवाजाच्या जागी दीड-दोन व्होल्टपर्यंत उसळतात. माझ्या २४ पटवाल्या ॲम्पला हे भरपूर. १३ पटवाल्यालाही सहसा चालतं. मूव्हिंग कॉइलला ६० डेसिबेल लागतात. तेव्हा फोनो प्रीॲम्प घ्या आणि पुन्हा दहा दिवसांची परीक्षा घ्या. त्याच्यापुढे लाइन प्रीॲम्प लागतो की नाही हे त्यानंतरच कळेल.

टर्नटेबलच्या मागे फोनो आणि लाइन असा खटका असेल तर फोनो प्रीॲम्प आतच आहे. लाइनवर ठेवून वर बाहेरचाही फोनो लावला तर आवाज फाटतो आणि खर्ज फुगतो. दोष मग बिचाऱ्या ट्यूबला.

आजोबांचा जुना प्लेअर असेल तर त्याचं पिकअप बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक असतं. ते काही शे मिलिव्होल्ट देतं आणि त्याला फोनो प्रीॲम्प नको. पण पुढे मेगाओहमच्या घरातला इनपुट लागतो. व्हॉल्व्ह रेडिओंचे पिकअप सॉकेट त्या बेताचे असत. १०० किलोओहमच्या आजच्या ॲम्पला लावलंत तर खर्ज पार पातळ होतो. इथे मेगाओहमच्या इनपुटचा बफर, म्हणजे सोर्सवरचा भार हलका करणारा मधला डबा, खरोखर कामाचा, आणि तो व्होल्ट न वाढवताही चालतो.

गुणगुण वाढली तर

डबा वाढला की जमिनीची (अर्थची) वायर वाढते आणि गुणगुण यायला वाट मिळते. प्रीॲम्प लावण्यापूर्वी घर शांत होतं का, हे आधी पाहून ठेवा. नाहीतर नंतर भांडण कुणाशी करायचं ते कळत नाही. आपल्या घरांत दोन चोर नेहमीचे: सेट-टॉप बॉक्समध्ये शिरणारी केबलवाल्याची वायर आणि तीन पिनेचा लॅपटॉप चार्जर. एकेक काढून ऐका. केबल काढल्यावर शांतता झाली तर टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरने डॅकला द्या. प्लगची अर्थ पिन कापणं हा उपाय नाही. लोखंडी चासीत ४०० व्होल्ट असलेल्या यंत्राची तर अजिबात नाही.

गुणगुण आणि 'सूं' वेगळे ओळखा. गुणगुण जमिनीच्या वायरीची किंवा पॉवर सप्लायची असते, 'सूं' गेनची. प्रीॲम्पची स्वतःची 'सूं' पॉवर ॲम्प जशीच्या तशी चोवीस पट करून तुम्हाला ऐकवतो. शंभर डेसिबेलचे संवेदनशील हॉर्न स्पीकर असतील तर ती खुर्चीतही पोचते.

मग घ्यायचा तर कुणी आणि कसा

नॉब नसलेला पॉवर ॲम्प आणि तीन-चार सोर्स, दोन वेगळे मोनो ॲम्प एकाच नॉबवर चालवायचे, ॲम्प स्पीकरजवळ आणि सोर्स खोलीच्या दुसऱ्या टोकाला, किंवा कमी गेनचा ॲम्प आणि अशक्त सोर्स. ही खरी कारणं. बास-ट्रेबलचे नॉब हवेत हेही मला कारण वाटतं, जुन्या नाट्यगीतांच्या मुद्रणांना ट्रेबल थोडा खाली ओढला की फार बरं वाटतं. रिमोट हवा म्हणून घेतलात तरी लाजू नका.

'ट्यूबचा रंग यावा म्हणून' घेणारेही असतात. तुमचा ॲम्प ट्यूबचाच आहे, रंग आधीच लागलाय. तरी हौस म्हणून घ्यायचा असेल तर हौसेच्या खात्यात लिहा.

घेताना गेन विचारा. २ व्होल्टच्या सोर्सला ६ ते १२ डेसिबेल, म्हणजे दुप्पट ते चौपट, पुरे. २० डेसिबेलचा भपका नको. आउटपुट इम्पिडन्स (बाहेर पडणाऱ्या सिग्नलला होणारा आतला अडथळा, ओहममध्ये) ॲम्पच्या इनपुट इम्पिडन्सच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी हवा. शेवटच्या ट्यूबची जोडणी कॅथोड फॉलोअर प्रकारची (प्लेटऐवजी कॅथोडवरून आउटपुट) असेल तर सहसा हजार ओहमच्या खालीच असतो. थेट ईसीसी८३च्या प्लेटवरून आउटपुट काढलेला असेल तर तो काही दहा हजार ओहमचा निघतो आणि लांब वायरीपुढे नमतो. सबवूफरही जोडणार असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

जुना घेत असाल तर चालू अवस्थेत, नॉब अर्ध्यावर ठेवून, पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने प्रत्येक छोट्या ट्यूबला हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून बारीक 'टिण्' आलं तर चालेल. पितळी भांडं पडल्यासारखं घुमत राहिलं तर ती ट्यूब बदलावी लागणार, तेवढे पैसे किमतीतून वजा करा. बंगळुरूच्या बीईएलने (भारत इलेक्ट्रॉनिक्स) बनवलेल्या ईसीसी८३ अजूनही जुन्या साठ्यांतून मिळतात आणि या कामाला चांगल्या असतात.

घरी आणल्यावर चालू करताना आधी सोर्स, मग प्रीॲम्प, तो तापून स्थिर झाला की शेवटी पॉवर ॲम्प. बंद करताना उलट. ट्यूब प्रीॲम्प सुरू होताना आउटपुटवर एक धक्का देतो. पॉवर ॲम्प आधीच जागा असेल तर तो धक्का वूफरच्या कागदाला बसतो.

माझा तो प्रीॲम्प आता मित्राच्या स्टिरिओ ७०पुढे आहे, आउटपुटला दोन रेझिस्टर लावून गेन चौपटीवर आणलेला. त्याचा नॉब अकराच्या काट्यावर असतो, आणि वीज आली-गेली तरी चहा कपातच राहतो.